ब्रेकच्या पाइपाची वाट

पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की आंबेनळी घाट सुरू होतो. प्रतापगडच्या भवानीला निघालेले भाविक, शाळेच्या सहली, बाळंतपणासाठी माहेरी निघालेल्या लेकी, सगळ्यांची वाट हीच. चढताना आपण खिडकीतून दरीतलं धुकं बघत असतो. उतरताना मात्र सगळा भरवसा ड्रायव्हरच्या पायाखालच्या एका पेडलवर! २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस याच घाटात दरीत कोसळली आणि अनेक जण गेले. हा घाट चूक पोटात घालत नाही, हे आम्हा महाड-पोलादपूरकरांना वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणूनच आज मैत्रिणींशी बोलायचंय ते ब्रेकबद्दल. ‘हा काय बायकांचा विषय?’ असं कुणी म्हणेल. पण गाडीत आपण बसतो ना? मुलांना बसवतो ना? मग विषय आपलाच.

आमच्या घरी मामंजींची जुनी प्रीमिअर पद्मिनी आहे. आम्ही तिला अजून ‘फियाट’च म्हणतो. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी आधी फियाट ११०० म्हणून तयार व्हायची, १९७४च्या सुमारास ती पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या प्रत्येकीला तिचा स्टिअरिंगजवळचा गिअर आठवत असेल. त्या टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेल्या.

२२ जुलै २०२१च्या महापुरात महाडमधली घरं बुडाली, तशी आमची फियाटही बुडाली. पाणी ओसरल्यावर निघाला तो नुसता चिखल. आधी घर, भांडीकुंडी, कागदपत्रं. गाडीची पाळी खूप उशिरा आली. एका गॅरेजवाल्याने इंजिन सुरू करून दिलं, गंजलेले ब्रेकचे पाइप काढून तांब्याची नवी नळी टाकून दिली. गाडी चालू लागली. घरात आनंदीआनंद! सासूबाईंनी लगेच जाहीर केलं, ‘‘आता याच गाडीने भवानीला जायचं.’’

मी म्हटलं, आधी आपण दोघं जाऊन येऊ. गाडी मीच चालवत होते, हे शेजारी. जाताना काही नाही. उतरताना दोन-तीन वळणांनंतर पेडल मऊ लागायला लागलं. पुढच्या वळणावर दाबलं तर ते थेट तळाला गेलं! गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, हँडब्रेक ओढला, डोंगराच्या बाजूला घेतली आणि थांबली. दोघंही काही वेळ बोललो नाही. अर्ध्या तासाने पेडल दाबून पाहिलं, तर पुन्हा पहिल्यासारखं घट्ट. ‘‘बघ, झालं ठीक,’’ हे म्हणाले. मी म्हटलं, ‘‘ठीक नाही झालं, गार झालंय.’’ तिथून पहिल्या गिअरमध्ये, थांबत थांबत पोलादपूर गाठलं.

तिथल्या ज्या मिस्त्रींकडे गेलो, त्यांची उमेद मुंबईत फियाट टॅक्सी दुरुस्त करण्यात गेलेली. गाडी खड्ड्यावर घेतली, बॅटरी मारून खालून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘वहिनी, पाइप बदलला ते बरोबर. पण पाइपाची वाट का बदलली?’’

शाळेत पास्कलचा नियम शिकलो होतो, आठवतो? बंद नळीतल्या द्रवावर एका टोकाला दिलेला दाब सगळीकडे पोचतो. ब्रेकचं सगळं शास्त्र एवढंच. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं तेल पाइपातून चारही चाकांपर्यंत दाब नेतं. तेल दाबून लहान होत नाही, म्हणून हे जमतं. पण तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते. मग आपण पाय दाबतो तो बुडबुड्यांवर, चाकाला काही कळतच नाही! शिवाय हे तेल हवेतला ओलावा शोषतं. ‘डॉट ३’ तेल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी धरलं की हा आकडा १४०पर्यंत खाली येऊ शकतो.

आमच्या गाडीत तेल जुनंच राहिलं होतं आणि नवी नळी जवळच्या वाटेने, सायलेन्सरच्या पाइपाला जवळजवळ टेकून, तारेने बांधून नेली होती. चार हात नळी वाचली असेल. घाटात ड्रम तापले, खालून सायलेन्सरने शेकलं, तेल उकळलं.

मिस्त्रींनी गाडीच्या तळाचा वाळलेला चिखल खरवडला, तशी ओळीने बारीक भोकं दिसायला लागली. मूळ पाइपाच्या क्लिपांची! एकेका भोकावर बोट ठेवून त्यांनी मला कारण सांगितलं. इथून पाइप तळाच्या खाचेत शिरतो, म्हणजे दगड लागत नाही. इथे सायलेन्सरपासून लांब वळतो. इथे क्लिप हवीच, नाहीतर नळी थरथरून थरथरून तडकते, आणि तांबं तर लवकरच. मागच्या अॅक्सलशी लोखंडी पाइप थांबतो आणि रबरी होज लागतो, कारण पाट्यांवर चाकं वर-खाली होतात. आणि मध्ये उगाच उंच वळसा दिला, तर तिथे हवा अडकून बसते.

मग त्यांनी भोकांच्या ओळीवरून साधी तार वाकवून नमुना केला. जुन्या ब्लाउजवरून नवा बेततो ना, अगदी तसं. त्या नमुन्यावर स्टीलचा पाइप वाकवला, तोंडं यंत्राने फुलवली, प्रत्येक क्लिप जागेवर बसवली. चाकांमधले रबर, होज, तेल सगळं नवं. शेवटी हवा काढायचं काम. ते दोन माणसांचं. मी पेडलवर, मिस्त्री खाली. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. ‘‘दाबा... धरून ठेवा... आता सोडा.’’ आधी चहासारखं तांबूस तेल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. पायाखाली पेडल हळूहळू घट्ट होत गेलं. तो विश्वास पायालाच कळतो!

जुन्या गाड्यांचे हौशी लोक मूळ वाटेचा आग्रह धरतात तो प्रदर्शनातल्या गुणांसाठी, असं मला वाटायचं. आता कळतं, त्या प्रत्येक वळणामागे कुणीतरी केलेला विचार आहे. आमच्या गाडीला तर चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट. ती कुठेही तुटली की सगळंच गेलं. आताच्या गाड्यांत दोन वेगळ्या वाटा असतात, एक गेली तरी दुसरी उरते.

सासूबाईंचं भवानीचं दर्शन महिन्याभराने झालं. उतरताना त्या चक्क झोपल्या होत्या.

मैत्रिणींनो, गाडी जुनी असो की नवी, पाण्यात बुडालेली असो वा नसो, ब्रेकचं काम झालं की तीन प्रश्न विचाराच. तेल बदललं का? पाइप मूळ वाटेनेच नेला का? सगळ्या क्लिपा बसवल्या का? घाट उतरताना, ज्या गिअरमध्ये तो चढलो त्याच गिअरमध्ये उतरायला सांगा. आणि पेडल मऊ लागलं, तर ‘घरी जाऊन बघू’ म्हणू नका, तिथेच थांबा. कुणी हसलं तर हसू दे. घाट हसण्यावारी नेत नाही.