भाताची परीक्षा आणि गावाचा कौल

काशी ही अन्नपूर्णेची नगरी मानली जाते. परंतु तिच्या सभोवारच्या खेड्यांत अन्नाची निश्चिती पावसाच्या लहरीवर अवलंबून असते. पूर्व उत्तर प्रदेशाच्या सखल भागात एखाद्या वर्षी भात पाण्याखाली बुडतो. एखाद्या वर्षी पाण्यावाचून करपतो. अशा मुलखात कोणते बियाणे पेरावे, हा प्रश्न कुटुंबाच्या वर्षभराच्या पोटाचा असतो.

पूर्वी याचे उत्तर बहुधा संशोधन-केंद्रातच ठरत असे. तेथे जमीन उत्तम, पाणी वेळेवर, खत मोजूनमापून. शेतकऱ्याच्या शेतात यांपैकी एकाचीही हमी नसे. म्हणून शिफारस झालेले कित्येक वाण शेतापर्यंत पोहोचलेच नाहीत.

या अनुभवातून सहभागी वाणनिवडीची पद्धत निघाली. तीत गावातील एका शेतात सर्व वाण शेजारी-शेजारी लावतात. हा ‘मातृप्रयोग’ होय. त्यांतील एक-दोन वाण निरनिराळे शेतकरी आपापल्या शेतात, नेहमीच्याच रीतीने, जुन्या वाणाशेजारी लावून पाहतात. हे ‘बालप्रयोग’ होत. पीक तयार होत आले की गावकरी जमतात आणि पसंत-नापसंत वाणांच्या वाफ्यांपुढे चिठ्ठ्या टाकतात. स्त्रियांचा व पुरुषांचा कौल वेगळा मोजतात. पुढे त्या तांदळाचा भात शिजवून त्याची चवही पाहिली जाते.

तराजूने केवळ उतारा कळतो. गुरांना पेंढा किती मिळेल, सकाळचा भात संध्याकाळी मऊ राहील काय, हे घरच्यांनाच ठाऊक. पीक किती दिवसांत निघते, यालाही मोठे महत्त्व आहे. भात उशिरा निघाला, तर गव्हाची पेरणी लांबते आणि दाणा भरण्याच्या वेळी उष्ण वारे त्याला गाठतात.

हजारीबागचे केंद्र व फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था यांच्या सहकार्यातून निघालेला ‘सहभागी धान’ हा वाण अवर्षणाला तोंड देतो आणि सुमारे १०५ दिवसांत पिकतो. ‘स्वर्णा-सब-१’ हा वाण भारतात २००९ साली प्रसारित झाला. तो सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही जगू शकतो. याच संस्थेचे दक्षिण आशियासाठीचे केंद्र २९ डिसेंबर २०१८ रोजी वाराणसीस सुरू झाले. शेतकऱ्यांच्याच शेतांत नव्या-जुन्या वाणांची तुलना करणे, हा त्याच्या कार्याचा एक भाग आहे.

गावाचा कौल पुरेसा आहे, असे मात्र नव्हे. रोगप्रतिकारशक्ती एका हंगामात डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी अनेक ठिकाणच्या, अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. त्या शास्त्रज्ञाने ठेवावयाच्या असतात. ज्याच्याजवळ एकच तुकडा जमीन आहे, त्याला चुकीच्या बियाण्यापायी एक हंगामही गमावणे परवडत नाही. म्हणून दोघांच्या नोंदी एकत्र वाचूनच बियाणे निवडणे श्रेयस्कर ठरते.