मोटारीच्या ओट्याखालची माती

शेततळ्याच्या काठावर मोटार, सँड फिल्टर आणि व्हॉल्व्हची जोडणी ज्या काँक्रीटच्या ओट्यावर उभी असते, तो ओटा वरून धडधाकट दिसतो. खालची माती निघून गेली तरी काँक्रीट बरेच दिवस अधांतरी तग धरतं, म्हणूनच पोकळी लक्षात येते तेव्हा ती हातभर आत गेलेली असते. मग मोटार थरथरू लागते, पीव्हीसीचा एखादा सांधा सुटतो, त्यातलं पाणी थेट पोकळीत शिरतं आणि उरलीसुरली माती एका रात्रीत वाहून जाते.

नाशिकजवळच्या एकलहऱ्यापासून खाली निफाडकडे जाणाऱ्या गोदाकाठच्या काळ्या जमिनीत हा त्रास अधिक. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात ओट्याच्या कडेने बोटभर रुंद भेगा पडतात आणि जूनचा पहिला जोरदार पाऊस त्या भेगांमधूनच खाली उतरतो. शिवाय पाइप पुरण्यासाठी खणलेला चर ढिल्या मातीने बुजवलेला असतो, त्यामुळे पाणी पाइपाच्या अंगाने ओट्याखाली शिरतं. खेकडे आणि घुशींची बिळंही त्याला वाट करून देतात.

पण पावसाला एकट्याला दोष देऊन भागत नाही. माती नेणारं पाणी बहुतेक वेळा आपणच सोडलेलं असतं. ड्रिपचा सँड फिल्टर धुताना बॅकवॉशचं पाणी बाहेर पडतं. त्या पाइपाचं तोंड ओट्यापासून वीतभर अंतरावर उघडं ठेवलेलं मी अनेक मळ्यांत पाहिलं आहे. पाणी दाबाने येतं, दर आठवड्याला त्याच जागी पडतं आणि मातीचे कण घेऊन उताराला लागतं. नाशिकच्या आसपास बंगल्यांत आणि फार्महाउसवर पोहण्याचे तलाव झाले आहेत. तिथला फिल्टर याच तत्त्वावर चालतो आणि तिथला ओटाही याच कारणाने पोकळ होतो. मोटारीच्या ग्लँडमधली ठिबक आणि शेडच्या पत्र्यावरून ओघळणारी धार यांचाही या झिजेत वाटा असतो.

म्हणून दुरुस्तीआधी पाण्याचा उगम शोधावा. मे महिन्यात ओट्याजवळची माती ओली असेल, तर ते पावसाचं पाणी नव्हे. सांधा गळतो आहे किंवा सक्शन पाइपापाशी तळ्याचा प्लास्टिक कागद फाटला आहे. सांध्याची गळती तासाभरात थांबवता येते. कागदाची असेल तर तळ्याची पातळी उतरेपर्यंत थांबावं लागतं. पोकळी किती आहे ते लोखंडी पहारीने कळतं: ओट्यावर ठोकत गेलं की भरीव आणि पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो. कडेने सळई सारून खोलीही मोजावी.

याआधी एक काम सांगायलाच हवं. मोटारीचा वीजपुरवठा स्टार्टरवर नव्हे, मुख्य स्विचवर बंद करायचा. माती वाहून गेली की अर्थिंगची पट्टी किंवा सळई उघडी पडते, कधी तुटतेही. ओली जागा, लोखंडी फिल्टर आणि निकामी अर्थिंग एकत्र आले, तर माणूस जातो. दुरुस्तीत अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेण्यात काटकसर करू नये.

आता भरावाकडे. सर्वांत सोपी म्हणून केली जाणारी चूक म्हणजे शेजारचीच काळी माती घमेल्याने आणून कडेला लोटणं. ती पोकळीच्या तोंडाशीच अडकते, आतली जागा रिकामी राहते. शिवाय ही माती पुन्हा फुगणार आणि पुन्हा आक्रसणार. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घ संशोधन केलं. कालव्यांचं अस्तर फुगणाऱ्या मातीने उचकटू नये म्हणून चिकटपणा असलेल्या, पण न फुगणाऱ्या मातीचा थर मध्ये द्यायचा, ही पद्धत त्यातून रूढ झाली. चांगला, थोडा चिकण अंश असलेला मुरूम हे काम करतो. ओट्याखालचा प्रश्न आकाराने लहान आहे, तत्त्व तेच.

पोकळी उथळ आणि मोकळी असेल तर सैल माती खरवडून काढावी आणि मुरूम अर्ध्या फुटाहून जाड नसलेल्या थरांत भरून धुमसाने ठोकावा. ओलावा इतकाच, की मूठ आवळल्यावर गोळा व्हावा पण तळहाताला पाणी लागू नये. हात पोहोचत नाही तिथे ठोकणं शक्य नसतं. तिथे तीन बाजूंनी फळ्या किंवा विटांची आड उभी करून सिमेंट-वाळूचं पातळ मिश्रण ओतावं आणि दुसऱ्या कडेने ते वर येईपर्यंत थांबू नये. मोटारीचा फिरता भार लहान असतो, त्यामुळे एक भाग सिमेंटला आठ-दहा भाग वाळू पुरते.

एकलहऱ्यात वाळूऐवजी राखेचा विचार मनात येणं स्वाभाविक आहे. औष्णिक वीज केंद्राची राख इथे डोळ्यांसमोर असते आणि सिमेंटबरोबर ती खरोखर उपयोगी पडते. राखेतली सिलिका चुन्याशी संयोग पावून घट्ट होते. बाजारातल्या पीपीसी सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के राख याच कारणाने असते. मात्र नुसती राख कधीही भरू नये. तिचे कण अतिशय बारीक असतात आणि त्यांना एकमेकांत धरून ठेवणारा चिकटपणा नसतो. पहिल्याच पाझराबरोबर ती मातीहून लवकर निघून जाते.

भराव झाला म्हणजे काम निम्मं झालं. ओट्याच्या चारही बाजूंनी दोन-तीन फूट रुंद काँक्रीटची पट्टी घालावी, फुटाला पाव इंच ढाळ बाहेरच्या दिशेने द्यावा आणि तिची बाहेरची कड अर्धा-पाऊण फूट जमिनीत उतरवावी, म्हणजे पाणी पट्टीच्या खालून परत आत येणार नाही. पाइप जिथे ओट्याखालून बाहेर पडतो तिथे चरात फूटभर लांबीचा चिकणमातीचा घट्ट बांध ठोकावा. सुचायला सहज आणि करायला स्वस्त असूनही बहुतेक ठिकाणी हा टप्पा राहून जातो. बॅकवॉशचा पाइप मात्र लांबवायलाच हवा. तो पाच-सात मीटर दूर, दगडाच्या पिचिंगवर किंवा झाडांच्या आळ्यांत सोडावा. दगड पाण्याचा जोर मोडतात आणि फिल्टरमधला गाळही वाया जात नाही.

काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारल्याशिवाय मोटार चालू करू नये. एप्रिल-मे ही या कामाची वेळ. तळं खाली असतं, भेगा उघड्या असतात आणि दोष दिसतात. तळ्याच्या बांधाच्या बाहेरच्या उतारावर माती धरून ठेवायला वाळा लावायचा असेल तर तो जूनच्या पहिल्या दोन-तीन पावसांनंतर, एकेक वीत अंतराने, उताराला आडव्या ओळींत लावावा. त्याची मुळं सरळ खाली जातात, अनुकूल जमिनीत दोन-तीन मीटरपर्यंत. ओळ तळ्याच्या कागदापासून दूर, बाहेरच्या अंगालाच ठेवावी आणि पहिल्या वर्षी जनावरांपासून राखावी.