मोहगावचे सांडपाणी आणि इंदूरचा खड्डा

मृग बहार धरण्याचे दिवस आले की मोहगाव-सौंसर पट्ट्यातील संत्रा-बागाइतदार खताच्या गोण्यांच्या शोधात निघतो. त्या गोण्यांतील स्फुरदाचा मोठा भाग परदेशांतून येतो. आणि तेच नत्र, तेच स्फुरद आपण रोज घरातून गटारात सोडतो! एक प्रौढ माणूस वर्षाकाठी सुमारे 4 किलो नत्र शरीराबाहेर टाकतो. त्यातील बहुतांश मूत्रातून.

मैल्याच्या खताला मराठीने ‘सोनखत’ म्हटले, ते थट्टेने नव्हे. इंदूरच्या संस्थेत 1924 ते 1931 या काळात सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी खताची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली, हे आपल्यांपैकी अनेकांस ठाऊक असेल. त्यांच्या 1931च्या ग्रंथावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचेही नाव आहे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. याच वाडांनी जॅक्सन यांच्यासह 1934मध्ये ही पद्धत वस्तीतील केर व मैला यांस कशी लावावी, ते मांडले. केराचा थर, त्यावर मैल्याचा पातळ थर, पुन्हा केर. ढीग आतून असा तापतो की रोगजंतू आणि माश्यांच्या अळ्या जगत नाहीत; वेळोवेळी उलथून घेतल्यास अखेरीस दुर्गंधरहित, मातीसारखे खत हाती येते.

परंतु खड्ड्यापर्यंत मैला वाहणारे हात कोणाचे होते? हा प्रश्न टाळून सोनखताचे गोडवे गाणे आम्हांस रुचत नाही. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी ते काम स्वतः करून या प्रश्नास उत्तर दिले. 2013च्या कायद्याने तर हाताने मैला उचलविणे गुन्हाच ठरविले आहे. म्हणून आता यंत्राने उपसलेला गाळ वाळवून केरासह कुजविणे, हीच लहान गावाला झेपणारी वाट. मोठ्या शहरांत सांडपाण्यात मॅग्नेशियमचे क्षार मिसळून स्फुरदाचे खडे पाडतात. ते आपल्या नगर परिषदांच्या ऐपतीपलीकडचे वाटते.

स्वस्थ बसण्याचीही सोय नाही. जाम नदी कन्हानला मिळते, आणि कन्हानचे पाणी नागपूरकर पितात. तिथे आपल्यांपैकी कित्येकांच्या लेकीसुना नांदत आहेत.

मात्र घाई नको. जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने तग धरतात; पुरते न कुजलेले खत संत्र्याच्या आळ्यात घालू नये, आणि भाजीच्या वाफ्यात तर मुळीच नाही.