उजेडाचा सांगावा

प्रयोगात कोंबडीच्या लहानग्या पिल्लाच्या एका डोळ्यावर दुधी रंगाची वाटीसारखी टोपी चिकटवतात. उजेड आत जातो, पण आकार दिसत नाहीत. थोड्याच दिवसांत तो डोळा दुसऱ्यापेक्षा लांबट होतो आणि त्याला लांबचं धूसर दिसू लागतं. आपल्या मुलांना लागणारा मायनस नंबर बहुतेक वेळा असाच येतो. नेत्रगोल मागे लांबतो आणि प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते.

१९८९ साली रिचर्ड स्टोन आणि सहकाऱ्यांनी अशा पिल्लांचे पडदे तपासले. झाकलेल्या डोळ्यात डोपामाइन या संदेशवाहक रसायनाचं दिवसाचं प्रमाण कमी भरलं. डोपामाइनसारखं काम करणारं औषध त्या डोळ्याला दिलं, तेव्हा त्याचं लांबणं कमी झालं. डोळा किती वाढावा हे बऱ्याच अंशी खुद्द पडदाच ठरवतो, हे मला या साऱ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

डोपामाइन म्हटलं की हल्ली मोबाइलची चटक आठवते. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५०च्या दशकात मेंदूतलं त्याचं महत्त्व दाखवलं आणि त्यासाठी २००० साली त्यांना नोबेल मिळालं. पुढच्याच दशकात ते सशाच्या डोळ्याच्या पडद्यातही सापडलं. तिथे ते तयार करणाऱ्या अमाक्राइन पेशी मोजक्याच, पण त्यांचे धागे पडदाभर पसरलेले. उजेड वाढला की डोपामाइन झिरपतं, रात्री मेलाटोनिन वाढतं. पेशीपेशींना जोडणाऱ्या बारीक वाटा डोपामाइन आवळतं. अंधारात उपयोगी पडणाऱ्या दंडपेशी मागे सरतात आणि रंग, बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशींचं राज्य सुरू होतं. अंधाऱ्या माजघरातून भर दुपारी अंगणात आल्यावर डोळे दिपतात आणि मग स्थिरावतात, त्यात याचाही वाटा असतो.

कंपवातात हे डोपामाइन पडद्यातही कमी होतं. असा एखादा रुग्ण डॉक्टरांकडचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, पण संध्याकाळी करड्या जिन्याची करडी पायरी त्याला चटकन वेगळी दिसत नाही. घरच्यांना वाटतं, नंबर बदलला असेल. कमी पडलेली असते ती फिक्या-गडदातला फरक ओळखण्याची क्षमता. पायऱ्यांच्या कडांना उठून दिसणारी पट्टी लावली तर पडण्याचा धोका कमी होऊ शकतो. मधुमेही उंदरांमध्ये डोपामाइन वाढवणाऱ्या लेव्होडोपा या औषधाने पडद्याचं काम सुधारल्याचं दिसलं आहे; पण तेवढ्यावरून माणसांनी डोळ्यांसाठी या गोळ्या सुरू करू नयेत.

पुन्हा मुलांकडे येऊ. घरात दिव्याखाली जेमतेम ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. बाहेर उघड्यावर १० हजारांच्या वर, लख्ख उन्हात लाखाच्या घरात. प्रखर उजेडात ठेवलेल्या पिल्लांचे झाकलेले डोळे कमी लांबले, आणि डोपामाइनचा परिणाम रोखणारं औषध दिल्यावर हा फायदा गेला. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या काही शाळांनी पहिलीच्या मुलांना शाळेच्या प्रत्येक दिवशी ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांत त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, तुलनेसाठी घेतलेल्या शाळांत ३९.५ टक्के. मुलांच्या पडद्यातलं डोपामाइन मोजता येत नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही साखळी अनुमानाची आहे. पण बाहेर खेळण्याचा फायदा अनुमानाचा नाही. तो मुख्यतः नंबर लागण्याआधीचा आहे. लागलेला नंबर त्याने उतरत नाही.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना एकच विनंती आहे. टोपी घाला, सूर्याकडे थेट बघू देऊ नका, पण मुलांना रोज उजेडात सोडा. आणि परीक्षा जवळ आली म्हणून पीटीचा तास गणिताला देऊ नका.