घरात जुन्या रेल्वे कंपनीचे शेअर निघाले तर काय करावे?



घराची वाटणी होते, जुना वाडा पाडायला काढतात, आजोबांची ट्रंक उघडली जाते आणि खरेदीखतांच्या गठ्ठ्यात रेल्वे कंपनीचे नाव छापलेला एखादा नक्षीदार कागद निघतो. घरातला एक म्हणतो, लाखाचा माल आहे. दुसरा म्हणतो, रद्दीत घाला. बीदर-कलबुर्गी भागातल्या आपल्या कुटुंबांना हा प्रश्न कधीही पडू शकतो, म्हणून थोडी माहिती एकत्र देत आहोत. आमचे सांगणे एवढेच की आधी कागद कोणत्या जातीचा आहे ते ओळखा, मग ठेवायचा की काढून टाकायचा ते ठरवा.

आपल्या भागातल्या रेल्वे कंपन्या

मुंबईहून सोलापूर, गुलबर्गामार्गे 1871 मध्ये रायचूरला पोहोचलेली रेल्वे ग्रेट इंडियन पेनिन्सुला या कंपनीची होती. सरकारने 1900 साली ती विकत घेतली आणि भागधारकांना ठरावीक वर्षे वार्षिक रक्कम देण्याची व्यवस्था केली.

वाडी ते सिकंदराबाद हा निजामाच्या राज्यातला मार्ग 1874 चा. पुढे 1883 साली लंडनमध्ये निजामाज गॅरंटीड स्टेट रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. विकाराबादहून बीदरला आलेला फाटा याच रेल्वेचा. 1930 साली निजाम सरकारने कंपनीचा कारभार आपल्याकडे घेतला.

लातूर-उदगीरकडे ज्यांची सोयरीक आहे त्यांना बार्शी लाइट रेल्वे आठवत असेल. ही अडीच फुटी गाडी. कंपनीची नोंदणी 1895 मध्ये लंडनला झाली, 1897 पासून गाडी धावू लागली आणि 1911 पर्यंत रूळ लातूरला पोहोचले. स्वातंत्र्यानंतर, 1954 साली, ही रेल्वे भारत सरकारने विकत घेतली.

या तिन्ही कंपन्यांच्या मालकीचा हिशोब केव्हाच पुरा झाला आहे. त्यांच्या शेअरच्या कागदावर आज रेल्वेत वाटा मिळत नाही आणि लाभांशही मिळत नाही. तशी आशा दाखवून कोणी आगाऊ "प्रोसेसिंग फी" मागत असेल, तर एक रुपयाही देऊ नये.

आणखी एक गैरसमज असतो. दार्जिलिंग, निलगिरी, कालका-सिमला या जागतिक वारसा ठरलेल्या डोंगरी रेल्वे भारतीय रेल्वेच्याच आहेत. त्यांचे वेगळे शेअर विकत मिळत नाहीत.

कंपनी आजही चालू असेल तर

त्याच गठ्ठ्यात एखाद्या चालू कंपनीचे जुने कागदी शेअरही असू शकतात. कंपनीचे नाव बदललेले असेल, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधावे. त्यानंतर कंपनीच्या रजिस्ट्रारकडे फोलिओ क्रमांक देऊन चौकशी करावी.

नोंदणीकृत बाजारातल्या कंपन्यांचे कागदी शेअर 1 एप्रिल 2019 पासून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. वारसाच्या नावावर चढवण्याला मात्र ही बंदी लागू नाही. शेअर आधी वारसाच्या नावावर घ्यावे, डीमॅट करावे, मग विकावे किंवा नातेवाइकाला बक्षीस द्यावे. नको झाले म्हणून शेअर कंपनीला परत करून मोकळे होता येत नाही.

सलग सात वर्षे लाभांश घेतलेला नसेल, तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. तेथून ते परत मागता येतात. त्यासाठी आयईपीएफ-5 हा अर्ज असतो आणि अर्जाला फी नाही.

मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि सर्व भाऊबहिणींच्या सह्या लागतात. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणींचा हक्क विसरू नये. कोर्टाचे वारसा प्रमाणपत्र लागणार असेल, तर आधी शेअरची आजची किंमत काढावी. दोन हजारांच्या शेअरसाठी दहा हजार खर्च करून भाऊबंदकी ओढवून घेण्यात अर्थ नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांसाठी

तिकडे वारसा रेल्वेचे शेअर खरोखर असतात. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे 1951 मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली आणि त्यानंतर अशा अनेक रेल्वे उभ्या राहिल्या. काहींनी लोकांना शेअर विकून भांडवल जमवले. हे शेअर सहसा बाजारात विकले जात नाहीत आणि लाभांशाची अपेक्षाही नसते. काही ठिकाणी प्रवासात सवलत मिळते, एवढेच.

असे शेअर नको असतील, तर त्या रेल्वेच्या कंपनी सचिवाला पत्र लिहावे. हस्तांतराचा फॉर्म भरून ते दुसऱ्या हौशी माणसाला किंवा त्या रेल्वेला मदत करणाऱ्या धर्मादाय संस्थेला देता येतात. शेअर मृत व्यक्तीच्या नावावर असतील, तर तिथल्या कायद्याप्रमाणे वारसाहक्काचे काम आधी पूर्ण करावे.

निरुपयोगी ठरलेला कागद

पैसे मिळणार नाहीत म्हणून कागद लगेच जाळू नये. आपल्या आजोबा-पणजोबांचा व्यापार कोणत्या गावांशी होता, पैसा कुठे गुंतला होता, हे त्यावरून कळते. दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो काढून घरातल्या सर्वांना पाठवा. कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. मजकूर उर्दूत असेल, तर जाणकाराकडून वाचून घ्या.

जुनी शेअरपत्रे जमवणारे हौशी लोकही असतात. कागदाची अवस्था, सह्या आणि छपाई पाहून ते किंमत देतात. पहिल्याच भावाला देऊ नका, दोघातिघांना विचारा. विकायचा नसेल, तर राज्य अभिलेखागार किंवा रेल्वे संग्रहालयाला विचारून पाहावे. निजाम राज्याची दप्तरे हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहेत. देताना पोचपावती घ्यावी आणि तिची प्रत घरातल्या कागदांत ठेवावी.

वाटणीच्या वेळी सोने आणि शेत यांच्याबरोबर कागदांचीही यादी करा. सगळ्यांच्या देखत यादी झाली की पुढे कोणाच्या मनात किंतू राहत नाही.