गंगाखेड व परिसर

गंगाखेड : महाराष्ट्र राज्याच्या परभणी जिल्ह्यातील गोदावरीतीरावरील एक प्राचीन तीर्थस्थान, संत जनाबाईंचे जन्मस्थान आणि याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. हे परभणीच्या दक्षिणेस सु. ४० किमी. अंतरावर, गोदावरीच्या उजव्या तीरावर वसले असून परभणी–परळी वैजनाथ या लोहमार्गावरील स्थानक आहे. शहराचा कारभार नगरपरिषद पाहते. मराठवाड्यात गोदावरीस बोलीभाषेत सरसकट ‘गंगा’ म्हणतात व तिच्या दोन्ही तीरांवरील प्रदेशास ‘गंगथडी’ हे नाव आहे. गंगेकाठचे खेडे ते गंगाखेड, अशी या ग्रामनामाची सरळ उपपत्ती आहे. स्नान, श्राद्धविधी व अस्थिविसर्जन यांकरिता दूरदूरच्या गावांहून लोक येथे येत असल्याने या स्थानास ‘दक्षिण काशी’ असेही म्हणतात.

भूस्वरूप : नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी आणि सु. १,४६५ किमी. प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळणारी गोदावरी परभणी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून पूर्वेकडे वाहते. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा या तालुक्यांना तिचा काठ लाभला आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागातून येणारी पूर्णा नदी दुधनेचे पाणी घेऊन पूर्णा तालुक्यात कंठेश्वर येथे गोदावरीस मिळते. गंगाखेडच्या दक्षिणेस बालाघाटच्या डोंगररांगांचा उंचवटा सुरू होतो. उत्तरेस नदीपलीकडे परभणीचे काळ्या मातीचे सपाट मैदान पसरलेले आहे. हा सर्व प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा असून त्यापासून बनलेली कसदार काळी माती कापूस, ज्वारी, तूर व सोयाबीन या पिकांस मानवते. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने (आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) प्रसृत केलेला रब्बी ज्वारीचा ‘परभणी मोती’ हा वाण याच मातीचा परिचय देतो.

ही काळी माती पाऊस पडताच फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. शेतीस ती जितकी अनुकूल, तितकीच इमारतीच्या पायास प्रतिकूल असते. या परिसरातील पुष्कळशा जुन्या वास्तूंची पडझड समजून घेण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

जनाबाई : गंगाखेडची कीर्ती कोणा राजवंशामुळे वा किल्ल्यामुळे झालेली नाही, ती एका दासीमुळे झालेली आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांत होऊन गेलेल्या जनाबाईंचा जन्म येथील दमा व करुंड या दांपत्यापोटी झाला, असे परंपरा सांगते. लहानपणीच त्या पंढरपूरच्या दामाशेटी शिंप्यांच्या घरी आल्या आणि दामाशेटींचे पुत्र नामदेव यांच्या कुटुंबात त्यांनी आयुष्य घालविले. त्यांच्या नावावरील साडेतीनशेच्या आसपास अभंग नामदेवांच्या गाथेबरोबर परंपरेने जतन झाले. दळणकांडण, पाणी भरणे, शेण्या वेचणे, झाडलोट ही त्यांची नित्याची कामे होती आणि त्यांच्या अभंगांतील विठ्ठल याच कामांत त्यांना हात लावतो. आपण नामदेवांची दासी आहोत, ही ओळख त्यांनी आपल्या नाममुद्रेत कायम ठेवली. शके १२७२ (इ.स. १३५०) मध्ये, नामदेवांच्या बरोबरच, त्यांनी पंढरपूर येथे देह ठेवला अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे.

नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नरसी हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात मोडते; परंतु १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. स्वामी आणि दासी या दोघांचीही मूळ गावे अशा रीतीने एकाच मुलखातील ठरतात. विशेष म्हणजे, जनाबाईंची स्मृती केवळ ग्रंथांतून टिकलेली नाही. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील स्त्रिया पहाटे जात्यावर ज्या ओव्या गात असत, त्यांत ‘जनी’ ही सखी म्हणून वारंवार येते. विजेच्या गिरण्या आल्यानंतर घरोघरचे जाते मागे पडले व ओवीचा प्रसंगही विरळ झाला; तरी वयस्क स्त्रियांच्या कंठांत हे धन अजून काही अंशी शिल्लक आहे.

शहर व घाट : जनाबाईंचे मंदिर हे शहरातील प्रमुख श्रद्धास्थान होय. शहराच्या जुन्या भागातून नदीकडे उतरले, की घाट लागतो. घाटाच्या पायऱ्या, लहानमोठी देवळे, क्षौर व पिंडदान यांसाठी बसलेली मंडळी आणि नदीपात्रावरील पूल हे येथील रोजचे दृश्य असते. घाट ही पुरातन वस्तू म्हणून जपलेली वास्तू नसून तो नित्य वापरातील वास्तू आहे. म्हणूनच त्याची दुरुस्ती, रंगरंगोटी व वाढ वेळोवेळी होत गेली आणि त्यातील जुने कोणते व नवे कोणते, हे सहज वेगळे काढता येत नाही. आषाढी यात्रेच्या सुमारास येथून जनाबाईंची पालखी पंढरपुरास जाते. शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीचा पायी मार्गही परभणी, दैठणा, गंगाखेड, परळी असा असल्याने विदर्भातून येणारे वारकरी येथेच गोदावरी ओलांडतात.

धारासूर : गंगाखेड तालुक्यात गोदावरीकाठी असलेले धारासूर येथील गुप्तेश्वर मंदिर हे या परिसरातील वास्तुकलेचे सर्वांत उल्लेखनीय उदाहरण होय. ते सामान्यतः बाराव्या-तेराव्या शतकांतील मानतात. मंदिर उंच जोत्यावर उभे असून भिंती दगडी आहेत, तर शिखर विटांचे आहे. उंचावर जाणारे ओझे कमी करण्यासाठी दगडी गर्भगृहावर विटांचे शिखर रचण्याची पद्धत दख्खनमध्ये रूढ होती आणि नदीकाठची गाळमाती विटांस सोयीची होती. बाह्य भिंतींवर देवदेवतांच्या मूर्तींबरोबर सुरसुंदरींची शिल्पे आहेत. त्यांची अंगलट, अलंकार व केशरचना बारकाईने पाहण्याजोगी आहेत.

अशा मंदिरांस ‘हेमाडपंती’ म्हणण्याचा प्रघात आहे. देवगिरीच्या यादवांपैकी महादेव व रामचंद्र यांच्या पदरी असलेला मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्या नावावरून ही संज्ञा पडली. मात्र या पद्धतीची अनेक मंदिरे त्याच्या पूर्वीची आहेत. चुन्याचा वापर न करता, घडीव दगड एकमेकांत खाचांनी बसवून केलेली बांधणी हे तिचे ठळक लक्षण होय. या बांधणीचे सामर्थ्य आणि दौर्बल्य एकाच गोष्टीत आहे. सांधे कोरडे असल्याने धक्का बसला तरी रचना काही अंशी तो सोसते. परंतु पाया एका बाजूने खचला, की सांधे उघडतात, पाणी आत शिरते आणि दगड जागा सोडू लागतात. धारासूरला हे दुहेरी संकट आहे. खाली काळी माती आहे आणि शेजारी पुराने काठ कातरणारी नदी आहे. या मंदिराच्या जतनाचे काम अलीकडच्या वर्षांत हाती घेण्यात आले. अशा कामात प्रत्येक दगडास क्रमांक देऊन, त्याची जागा आलेखून, तो उतरवावा लागतो व पाया बळकट केल्यावर त्याच क्रमाने पुन्हा बसवावा लागतो. एक दगड हरवला वा चुकला, तर वरच्या सर्व थरांची घडी बिघडते.

पाथरी व मुदगल : गोदावरीच्या वरच्या अंगास, नदीच्या उत्तरेकडील पाथरी हे आज तालुक्याचे गाव असले, तरी मध्ययुगात ते राजकीय महत्त्वाचे ठाणे होते. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असे फिरिश्ता या इतिहासकाराने नमूद केले आहे. आपल्या पूर्वजांचे गाव आपल्याकडे असावे, या आग्रहातून बुऱ्हाण निजामशाहाने ते वऱ्हाडच्या इमादशाहाकडे मागितले. नकार मिळाल्यावर १५१८ मध्ये त्याने ते जिंकून घेतले. पुढे मोगल अमदानीत पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठिकाण होते. शिर्डीच्या साईबाबांचे जन्मस्थान पाथरी होय, अशी स्थानिक श्रद्धा असून तेथे मंदिरही आहे. २०२० मध्ये हा प्रश्न सार्वजनिक वादाचा विषय झाला होता. जवळच मुदगल येथे नदीपात्रात मुदगलेश्वराचे मंदिर आहे. नदी भरली म्हणजे ते पाण्याने वेढले जाते.

जिंतूर व चारठाणा : जिल्ह्याच्या उत्तर भागात जिंतूरजवळ नेमगिरी ही जैन तीर्थाची टेकडी असून तेथील लेण्यांत तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती आहेत. जिंतूरहून जालन्याकडे जाताना लागणारे चारठाणा हे गाव म्हणजे मध्ययुगीन मंदिरांचा एक विखुरलेला समूहच होय. घरांच्या दाटीत उभी असलेली देवळे, कोरीव स्तंभ व बारव येथे पाहावयास मिळतात. परभणी शहरातील सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो व त्यास सर्व धर्मांचे लोक येतात. गंगाखेडहून सु. ३० किमी. वरील परळी वैजनाथ (बीड जिल्हा) आणि हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ ही ज्योतिर्लिंगस्थानेही याच प्रवासात जोडून पाहता येतात. उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते व पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा निसरड्या होतात. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासास सोयीचा असतो. शेतांत ज्वारीचा हुरडा तयार होण्याचे दिवसही याच काळात येतात.

नदीची आजची स्थिती : या परिसराचा वारसा जिच्यावर अवलंबून आहे, ती नदी गेल्या अर्धशतकात बदलली आहे. पैठण येथील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये त्याचे उद्‍घाटन झाले. त्याच्या डाव्या कालव्याने परभणी जिल्ह्यातील मोठ्या क्षेत्रास पाणी मिळाले. नंतरच्या काळात नदीपात्रातच पाणी अडविण्यासाठी ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, डिग्रस इ. ठिकाणी उच्च पातळी बंधारे बांधण्यात आले. काठच्या शेतीस व पाणीपुरवठ्यास त्यांचा लाभ झाला, यात शंका नाही. पण त्यामुळे वर्षातील बराच काळ गोदावरी ही वाहती नदी न राहता साठलेल्या डोहांची मालिका झाली आहे. वरच्या धरणातून पाणी सुटले नाही, तर अवर्षणाच्या वर्षी घाटाच्या पायऱ्यांखाली कोरडे पात्र उरते. याउलट ऑगस्ट २००६ प्रमाणे मोठा विसर्ग झाला, म्हणजे काठची गावे जलमय होतात.

तीर्थ या संकल्पनेचा मूळ अर्थ नदी उतरून जाण्याची जागा, उतार, असा आहे. स्नान, अस्थिविसर्जन व निर्माल्यार्पण हे सर्व विधी पाणी वाहते आहे हे गृहीत धरून रूढ झाले. साठलेल्या पाण्यात तेच विधी चालू राहिले, तर जे वाहून जावयाचे ते घाटापाशीच थांबते आणि त्यात शहराच्या सांडपाण्याची भर पडते. म्हणून गंगाखेडच्या वारशाचे जतन हा केवळ देवळांच्या दुरुस्तीचा प्रश्न नाही. धारासूरचे दगड क्रमाने पुन्हा रचता येतात; पात्रातील पाण्याचा किमान प्रवाह, सांडपाण्याची व्यवस्था आणि काठाची धूप या गोष्टींना मात्र वरच्या धरणापासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत एकत्रित नियोजन लागते. जनाबाईंच्या अभंगांत पाणी भरणे हे रोजचे काम आहे. त्यांच्या गावाच्या घाटावर घागर बुडविण्याजोगे स्वच्छ पाणी बारमाही असावे, एवढी साधी कसोटी या जतनकार्यास लावता येईल.