आधी सेल बदला, मग प्रोग्रामिंगचं बघू

नवापूर, उच्छेळी, दांडी या समुद्राकाठच्या पट्ट्यात गाडी पाळायची म्हणजे खाऱ्या हवेशी संसार. पत्रा गंजला, सायलेन्सर सडला तर कोणी फार मनावर घेत नाही. पण रिमोटचं बटण दाबून दार उघडलं नाही की घरातला प्रत्येक जण मेकॅनिक होतो आणि निदान ठरलेलं असतं: "चावीचं प्रोग्रामिंग उडालं." मग मोबाइलवर व्हिडिओ शोधायचा आणि इग्निशन आठ वेळा चालू-बंद करत बसायचं.

प्रोग्रामिंग असं सहसा उडत नाही. चावीचा कोड ज्या चिपमध्ये असतो, तिला तो जपायला वीज लागत नाही. त्यामुळे सेल काढला की सगळं पुसलं जातं, ही भीती बहुतेक गाड्यांच्या बाबतीत निराधार आहे. आधी दुसरी चावी वापरून बघा. ती चालत असेल तर दोष पहिल्या चावीत आहे. दोन्ही चालत नसतील तर चाव्यांना बोल लावू नका, गाडीची बॅटरी उतरली आहे का ते बघा.

दोष चावीत असेल तर ती उघडा. कडेला बारीक खाच असते. तिच्यात नाणं घालून हलकेच पिळलं की दोन शकलं सुटतात. आत बहुधा सीआर २०३२ हा सेल निघतो. हा आकडा म्हणजे त्याचं माप: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. काही चाव्यांना २०२५ किंवा १६२० लागतो, म्हणून जुना सेल दुकानात दाखवूनच नवा घ्या. सेल काढल्यावर त्याखालची पितळी पट्टी नीट बघा. समुद्राकाठच्या चाव्यांत तिथे हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरलेली असते. नवा सेल घालूनही रिमोट मुका राहतो तो बऱ्याचदा याच पुडीमुळे. खोडरबराने पट्टी हलकी घासा, कोरड्या कापडाने पुसा आणि मग सेल बसवा. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं.

खरा घोळ आहे तो एका चावीत दोन वेगळ्या वस्तू असतात, हे ठाऊक नसल्याचा. एक रिमोट. तो सेलवर चालतो आणि फक्त दारं उघडतो, बंद करतो. दुसरी इमोबिलायझरची चिप. तिला सेल लागत नाही. चावी इग्निशनमध्ये गेली की कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून तिला तेवढ्यापुरती वीज मिळते, ती गाडीला ओळख पटवते आणि मगच इंजिन सुरू होतं. म्हणून रिमोट मेला तरी चावीने दार उघडून गाडी सुरू करता येते. बटण स्टार्टच्या गाडीतही सोय असते: चावीच्या पोटातून निघणाऱ्या पात्याने दार उघडायचं आणि चावी स्टार्ट बटणाला टेकवून किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी ठेवून गाडी सुरू करायची.

व्हिडिओ खोटे असतात असं नाही, बरेचसे अमेरिकेचे असतात. तिथल्या काही जुन्या गाड्यांत दोन चालू चाव्या हाताशी असल्या की मालकाला तिसरी स्वतः जोडता येते. शिवाय तिथले रिमोट बहुधा ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, आपल्याकडचे ४३३.९२ वर. तिकडून मागवलेला रिमोट इथे कामाचा नाही. मारुतीची आयकॅट्स असो की इतर कंपन्यांचे इमोबिलायझर, नवीन चिप नोंदवायची तर साधारणपणे स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला यंत्र जोडावं लागतं आणि त्या गाडीचा पिन लागतो. चुकीचा पिन वारंवार दिला तर काही गाड्या काही काळ नवा प्रयत्नच घेत नाहीत. हे काम ओसरीत बसून करायचं नाही.

प्रोग्रामिंगपैकी घरी जमणाऱ्या गोष्टी दोनच. रिमोटचा कोड प्रत्येक दाबाला बदलतो. पोरांनी गाडीपासून लांब बसून बटण शेकडो वेळा दाबलं तर गाडी आणि रिमोट यांची मोजणी चुकते. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे इग्निशन चालू करून बटण दाबलं की ती जुळते. व्हिडिओतला चमत्कार बऱ्याचदा एवढाच असतो. दुसरी गोष्ट, बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉकिंग, म्हणजे नाशिकच्या ऑटोकॉपसारख्या कंपन्यांचं. त्यात नवा रिमोट शिकवायची रीत माहितीपत्रकातच असते आणि ती खरोखर घरी जमते.

"नव्या चावीसाठी कंपनीत कशाला, बाजारात स्वस्तात होतं," हेही ऐकू येतं. जाणकार चावीवाल्याकडे जायला माझी हरकत नाही. मात्र त्याला आधी विचारा: नक्कल करणार की नोंदणी? नक्कल केली तर गाडीला दोन्ही चाव्या एकच वाटतात. उद्या त्यातली एक हरवली तर तेवढीच रद्द करता येत नाही. नोंदणी करताना मात्र घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या, कारण बऱ्याच गाड्यांत जुनी यादी पुसून नव्याने भरली जाते. चावी हरवली असेल तर हे पुसणंच महत्त्वाचं. नुसती नवी चावी केली म्हणजे हरवलेली निकामी झाली, असं होत नाही. सापडणाऱ्याला ती चालतेच.

चावी हरवल्याची तक्रार पोलिसांकडे नोंदवून तिची प्रत जपा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या मूळ चाव्या मागते आणि एक कमी भरली की दावा रखडतो. नव्या गाडीसोबत बहुधा चावीच्या क्रमांकाची छोटी पट्टी मिळते. ती गाडीच्या कप्प्यात नव्हे, घरी कागदपत्रांत ठेवा. आणि कपाटातली दुसरी चावी आज एकदा गाडीला लावून बघा.